‘हा प्रश्न नीतीचा नाहीच’ : अथेन्सपासून मदुराईपर्यंत

धम्माविषयी बोलायला उभ्या राहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. तुमच्या धम्मात ईश्वर नाही, आत्मा नाही, मग तुमची नीती उभी कशावर आहे? वरून पाहणारा कोणी नसेल तर माणूस चोरी का करणार नाही? विचारणारा कधी कीर्तनकार असतो, कधी मौलवी, कधी चर्चमधला भला उपदेशक. आपली मुले बहुतेक वेळा पंचशील म्हणून दाखवतात आणि थांबतात. पण काय करावे आणि काय करू नये, एवढेच पंचशील सांगते. समोरच्याने ‘का’ असे विचारलेले असते.

हा प्रश्न आजचा नाही. ग्रीक तत्त्वज्ञान आणि त्याच्या आधाराने उभे राहिलेले कॅथलिक ईश्वरशास्त्र यांनी दोन हजार वर्षे त्यावर डोके खपवले आहे. तो इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचायला हवा. एक तर त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि दुसरे म्हणजे त्यातले एक मोठे प्रकरण आपल्याच देशात, मदुराईत, जातीच्या प्रश्नावर घडलेले आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नीतीचा पाया ईश्वर की बुद्धी, या वादावर ग्रंथांचे ढीग पडले. माणसांचे खरे नुकसान मात्र त्या वादाच्या अलीकडेच झाले. ‘हा प्रश्न नीतीचा नाहीच, हा निसर्गक्रम आहे, ही नुसती रूढी आहे’ असे म्हणून ज्यांचे दुःख चर्चेला घेतलेच गेले नाही, त्यांचे ते नुकसान होते.

सुरुवात अथेन्सपासून करू. प्लेटोचा ‘युथिफ्रो’ नावाचा एक लहानसा संवाद आहे. देवांना आवडते म्हणून एखादे कृत्य पवित्र ठरते, की ते मुळात पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, हा सॉक्रेटिसाचा प्रसिद्ध प्रश्न त्यातलाच. पहिले खरे मानले तर उद्या देवांना खून आवडला की खून पवित्र झाला. दुसरे खरे मानले तर नीती देवांच्या आधीपासून आहे, तिला देवांची गरज नाही. ‘ईश्वराशिवाय नीती कशी’ असे विचारणाऱ्याला हा उलटा प्रश्न जरूर विचारावा. अडीच हजार वर्षे झाली, त्याचे सरळ उत्तर आलेले नाही.

पण या संवादात एक खटला आहे आणि त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. युथिफ्रो आपल्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आला आहे. नॅक्सोस बेटावर त्यांची शेती होती. तिथे कामाला असलेल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरातल्या एका गुलामाचा गळा कापला. बापाने मजुराचे हातपाय बांधले, त्याला खंदकात टाकले आणि पुढे काय करावे हे धर्मशास्त्र्याला विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. खुनी माणूस, मेला तर मेला, म्हणून त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. निरोप परत येईपर्यंत भुकेने, थंडीने आणि बांधलेल्या दोरांनी मजूर मेला होता.

युथिफ्रोचे नातेवाईक संतापले आहेत. बापाने त्याला मारले नाही, आणि मारले असले तरी तो खुनीच होता, असल्या माणसासाठी मुलगा बापाला कोर्टात खेचतो हा अधर्म आहे, असे त्यांचे म्हणणे. सॉक्रेटिससुद्धा चकित होतो आणि म्हणतो की मेलेला माणूस तुझ्या घरातलाच असणार, परक्यासाठी कोणी असे करत नाही. त्यावर युथिफ्रो सांगतो की मेलेला आपला की परका याने काही फरक पडत नाही, मारणे न्याय्य होते की नव्हते एवढेच पाहायचे. प्लेटोने युथिफ्रोला घमेंडखोर आणि उथळ रंगवले आहे. तरी संवादातले सर्वांत नीतिमान वाक्य मला तरी त्याच्याच तोंडचे वाटते. पुढे सॉक्रेटिस व्याख्येच्या मागे लागतो आणि मजूर बाजूला पडतो. त्या मजुराचे नाव प्लेटोने दिलेले नाही. त्याने मारलेल्या गुलामाचेही दिलेले नाही.

प्लेटोच्या शिष्याने, ॲरिस्टॉटलने, याच्या पुढचे पाऊल टाकले. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असा सिद्धान्त त्याने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात मांडला. गुलाम म्हणजे जिवंत अवजार. दुसऱ्याची बुद्धी समजण्यापुरती बुद्धी त्याच्यात असते, स्वतःची नसते. म्हणून मालकाच्या हाताखाली राहण्यात त्याचेच भले आहे. पुरुषसूक्तातल्या पायांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती केवळ कायद्याने आणि जबरदस्तीने लादलेली आहे, असे म्हणणारे लोक त्या काळातही होते. ॲरिस्टॉटल स्वतःच त्यांचा उल्लेख करतो. तेव्हा ‘त्या काळी सगळेच तसे मानत होते’ ही सबब त्याच्या बाबतीत चालत नाही. विरोधी मत त्याच्यासमोर होते, त्याने ते बाजूला सारले.

तेराव्या शतकात इटलीतला डोमिनिकन संन्यासी थॉमस अक्विनास याने ॲरिस्टॉटल आणि ख्रिस्ती धर्म यांची सांगड घातली. कॅथलिक नीतिशास्त्राचा कणा आजही तोच आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ईश्वराची बुद्धी सगळ्या विश्वाला चालवते, आणि माणसाला बुद्धी असल्यामुळे त्या नियमाचा काही भाग त्याला स्वतःच कळतो. यालाच तो निसर्गनियम म्हणतो. चांगले करावे, वाईट टाळावे, ही त्याची पहिली आज्ञा. ती कळायला बायबल वाचलेले असण्याची गरज नाही. विचार करणाऱ्या कोणालाही ती कळते.

यात मोठी ताकद आहे, हे मान्य केले पाहिजे. या मांडणीप्रमाणे ईश्वराचा हुकूम मनमानी असू शकत नाही. शिवाय राजाचा कायदा निसर्गनियमाच्या विरुद्ध गेला तर तो कायदाच राहत नाही, ती कायद्याची विकृती होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात वंशभेदाचे कायदे मोडण्याचे समर्थन करताना अक्विनासचाच आधार घेतला होता, आणि किंग हे बाप्टिस्ट पाद्री होते. हत्यार चांगले असले की ते कोणाच्या भात्यातले आहे हे लढणारा पाहत नाही.

मात्र तोच अक्विनास गुलामगिरी मोडीत काढत नाही. निसर्गाने कोणाला गुलाम केले नाही, पण मानवी बुद्धीने जगण्याच्या सोयीसाठी ही व्यवस्था आणली, अशी वाट तो काढतो. म्हणजे पाया सर्वांचा, इमारत जुन्याच मालकांची.

त्या पायाची परीक्षा कोलंबसानंतर झाली. आधी पोप काय करत होते ते पाहा. १४५२ साली पाचव्या निकोलस पोपने पोर्तुगालच्या राजाला आज्ञापत्र दिले की मुसलमान आणि मूर्तिपूजक यांना जिंकावे आणि कायमच्या दास्यात टाकावे. १४९३ मध्ये सहाव्या अलेक्झांडरने नव्याने सापडलेले मुलूख स्पेनच्या राजाराणीला देऊन टाकले. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. हिस्पॅनिओला बेटावर सोन्याच्या खाणींत आणि शेतांत स्थानिक लोक किड्यामुंगीसारखे मरू लागले. १५११ च्या डिसेंबरात आंतोनियो दे माँतेसिनोस नावाच्या डोमिनिकनाने तिथल्या चर्चमध्ये, समोर बसलेल्या स्पॅनिश मालकांना तोंडावर विचारले की ही माणसे नाहीत काय, यांना बुद्धी असलेला आत्मा नाही काय? मालक भडकले. त्यांनी माफीची मागणी केली. पुढच्या रविवारी माँतेसिनोस पुन्हा उभा राहिला आणि तेच अधिक जोरात बोलला.

हे अक्विनासच्या निसर्गनियमाचे तेज होते. माणूस ठरला की हक्क आले. म्हणून मालकांच्या बाजूच्या पंडितांनी ‘माणूस’ या शब्दावरच हल्ला केला. त्यासाठी ॲरिस्टॉटल तयारच होता. हे रानटी लोक निसर्गतःच गुलाम आहेत, असे सांगितले की निसर्गनियमही मोडत नाही आणि खाणही बंद पडत नाही. १५३७ मध्ये तिसऱ्या पॉल पोपने ‘सुब्लिमिस देउस’ या आज्ञापत्रात सांगितले की इंडियन ही खरी माणसे आहेत, ती ख्रिस्ती नसली तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने व्याख्यान दिले की पोपने दिलेले दान आणि सम्राटाचा दावा, दोन्ही पोकळ आहेत. (त्याच व्याख्यानात त्याने प्रवास, व्यापार आणि धर्मप्रचार यांच्या हक्काच्या नावाखाली युद्धाची मागची दारेही उघडी ठेवली. पंडित तो पंडितच.)

१५५० साली स्पेनच्या वायादोलिद शहरात राजाने विद्वानांची सभा बोलावली. एका बाजूला हुआन खिनेस दे सेपुल्वेदा, ज्याने ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’चे लॅटिन भाषांतर केले होते. दुसऱ्या बाजूला बिशप बार्तोलोमे दे लास कासास, जो एके काळी स्वतः इंडियन मजूर राबवणारा जमीनदार होता आणि १५१४ मध्ये ते सारे सोडून त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. सेपुल्वेदा कधी अमेरिकेत गेला नव्हता. लास कासासने तिथे आयुष्य घालवले होते. वाद पुढच्या वर्षीही चालला, दोघांनीही आपणच जिंकलो असे सांगितले, स्पष्ट निकाल काही लागला नाही. माणसे आहेत की नाहीत याचा न्याय ज्यांच्याबद्दल चालला होता, त्यांच्यापैकी कोणाला बोलायला बोलावले नव्हते. आपल्याकडच्या धर्मसभा आठवा.

लास कासासबद्दल मला आदर आहे. पण त्याची एक गोष्ट लपवता येत नाही. इंडियनांचे हाल थांबावेत म्हणून त्याने सुरुवातीच्या काळात आफ्रिकेतून गुलाम आणण्याची शिफारस केली होती. उतारवयात त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि त्याने तो लिहूनही ठेवला. इतका प्रामाणिक माणूस, निसर्गनियमावर इतकी श्रद्धा, तरी काळा माणूस त्याच्या नजरेबाहेर राहिला. नियमात खोट नव्हती. नियम कोणाला लावायचा, हे आधीच ठरलेले होते.

आता मदुराईकडे येऊ.

इटलीतल्या उमराव घराण्यातला रोबेर्तो दे नोबिली हा जेझुइट १६०५ मध्ये गोव्याला आणि १६०६ मध्ये मदुराईला पोचला. तिथे गोन्सालो फर्नांडिस नावाचा एक पोर्तुगीज जेझुइट आधीपासून काम करत होता, पण शहरातला एकही उच्चवर्णीय ख्रिस्ती होत नव्हता. दे नोबिलीने कारण शोधले. लोक पोर्तुगीजांना ‘परंगी’ म्हणत. गोमांस खाणारे, दारू पिणारे, खालच्या जातींत मिसळणारे. ख्रिस्ती होणे म्हणजे परंगी होणे. त्याने जाहीर केले की मी परंगी नाही, मी रोमचा राजवंशी संन्यासी आहे. त्याने भगवी वस्त्रे घातली, शाकाहार धरला, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला, फर्नांडिसपासून वेगळे घर केले, वेगळे चर्च बांधले. तमिळ, संस्कृत आणि तेलुगू शिकला. धर्मांतरित ब्राह्मणांना त्याने जानवे, शेंडी आणि गंध ठेवू दिले. खालच्या जातीतल्या कोणाला ख्रिस्ती व्हायचे असेल तर त्याच्यासाठी फर्नांडिसचे दार होते.

फर्नांडिसने तक्रार केली. गोव्यात आणि रोममध्ये वर्षानुवर्षे वाद चालला. प्रश्न असा होता: जानवे हे मूर्तिपूजेचे चिन्ह आहे की नुसते प्रतिष्ठेचे? दे नोबिलीने १६१३ मध्ये लॅटिनमध्ये एक निबंध लिहून सिद्ध केले की ते सामाजिक दर्जाचे चिन्ह आहे, युरोपातल्या उमरावांच्या वेषासारखे. ब्राह्मण म्हणजे पुरोहित नसून विद्वान आहेत, असेही त्याने मांडले. पुरावा म्हणून त्याने संस्कृत ग्रंथांतली वचने दिली, आणि त्यांत मनुस्मृतीही होती. मनूची साक्ष काढली गेली ती जात ही धर्माची बाब नाही हे रोमला पटवण्यासाठी! १६२३ साली पंधराव्या ग्रेगरी पोपने निकाल दिला. जानवे, शेंडी, गंध, स्नान यांना परवानगी मिळाली, फक्त त्यांतला मूर्तिपूजेचा भाग काढून टाकायचा होता.

निकालाची रीत लक्षात घ्या. जात बरोबर की चूक, याचा निवाडा पोपने केलाच नाही. चर्चेचा विषय होता तो देवाचा अपमान होतो का हा. माणसाचा अपमान होतो का, हे मुख्य प्रश्नात बसतच नव्हते. कॅथलिक नीतिशास्त्रात कृत्यांचे तीन प्रकार मानले जातात: स्वभावतः चांगली, स्वभावतः वाईट, आणि दोन्ही नसलेली, म्हणजे उदासीन. अक्विनासने उदासीन कृत्याचे उदाहरण दिले आहे ते जमिनीवरची काडी उचलण्याचे, शेताकडे फेरफटका मारण्याचे. मदुराईत जात याच खणात गेली. काडी उचलावी तशी शिवाशिव पाळावी.

अक्विनासने पुढे जे लिहिले ते मात्र विसरले गेले. काडी उचलणे हा प्रकार म्हणून उदासीन असेल, पण प्रत्यक्षात जेव्हा एखादा माणूस विचारपूर्वक काही करतो तेव्हा त्याला काहीतरी हेतू असतो आणि काहीतरी परिस्थिती असते, म्हणून ते कृत्य चांगले तरी असते किंवा वाईट तरी. म्हणजे त्यांच्याच गुरूच्या नियमाप्रमाणे विचारायला हवे होते की हे जानवे कशासाठी घातले आहे? कोणाला दूर ठेवण्यासाठी? दोरा हा दोराच असतो, पण तो पाहून समोरचा माणूस रस्त्याच्या कडेला सरकतो, हा दोऱ्याचा हेतू आहे. एखाद्या परैयराला साक्षीला बोलावले असते तर हे पाच मिनिटांत कळले असते.

पुढचे सगळे ओघाने आले. १६४० पासून ‘पंडारस्वामी’ नावाचे वेगळे पाद्री खालच्या जातींसाठी नेमले गेले. ब्राह्मणांसाठी संन्यासी पाद्री वेगळे, शूद्र-अतिशूद्रांसाठी पंडारस्वामी वेगळे. एकाच संघाचे, एकच शपथ घेतलेले दोन धर्मगुरू समोरासमोर आले तर जातीप्रमाणे अंतर ठेवायचे. मरणाच्या दारात असलेल्या परैयराच्या झोपडीत शेवटचा संस्कार द्यायला पाद्री जात नसे. आजाऱ्याला उचलून बाहेर आणावे लागे. १७०३ मध्ये पोपचा दूत शार्ल दे तूर्नों पाँडिचेरीला आला, त्याने या प्रकारांची चौकशी केली आणि १७०४ मध्ये आजारी परैयराच्या घरी जाण्याचे नाकारता येणार नाही असा हुकूम काढला. त्यावर चाळीस वर्षे वाद चालला. १७४४ मध्ये चौदाव्या बेनेडिक्ट पोपने शेवटचा निर्णय दिला. त्यात तूर्नोंचा हुकूम कायम ठेवला, पण जेझुइटांची तडजोडही मान्य केली: परैयरांसाठी स्वतंत्र पाद्री राहतील. म्हणजे संस्कार मिळणार होता, स्पर्श वेगळ्या माणसाचा.

कोणी म्हणेल की दे नोबिलीपुढे दुसरा मार्ग नव्हता, त्याशिवाय धर्मांतर झालेच नसते. हे खोटे आहे. मदुराईच्या दक्षिणेला समुद्रकाठी परवर कोळी १५३० च्या दशकातच हजारोंनी ख्रिस्ती झाले होते. धर्मांतर होत होते, ब्राह्मणांचे होत नव्हते, एवढेच. दे नोबिलीने पोर्तुगीजांचा वांशिक गर्व ओळखला, एतद्देशीय भाषा आणि वेष यांचा मान ठेवला, यासाठी आजही त्याचे कौतुक होते, आणि तेवढ्यापुरते ते योग्यही आहे. परंतु ‘एतद्देशीय संस्कृती’ म्हणून त्याने उचलली ती वरच्या जातींची संस्कृती. आज ‘भारतीय संस्कृती’ या शब्दाचे जे होते तेच तेव्हा झाले. गोव्यातही वेगळे काय घडले? बामण, चारडो, सुदीर असे ख्रिस्ती लोकांतले जातिभेद पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि चर्चच्या बंधुसंघांतही शिरले. तमिळनाडूतल्या वडक्कनकुलममध्ये तर एकोणिसाव्या शतकात दोन जातींना दोन बाजूंना बसवता यावे म्हणून दोन दालनांचे चर्च बांधले गेले. मधली भिंत १९१० मध्ये पाडली तेव्हा वरच्या जातीचे ख्रिस्ती कोर्टात गेले. मद्रास हायकोर्टाने त्यांचा दावा फेटाळला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की चर्चने पुढे भूमिका बदलली. दुसऱ्या जॉन पॉल पोपने २००३ मध्ये तमिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावले. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण काढून चर्चमधल्या अस्पृश्यतेची कबुली दिली. २०२२ मध्ये अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. हे दलित ख्रिस्ती बांधवांनी आतून लढून मिळवले आहे. ईश्वरशास्त्र तेच आहे. तक्रार करणारा माणूस दालनात आला म्हणून त्याच ईश्वरशास्त्रातून वेगळे उत्तर निघाले.

आता बाबासाहेबांकडे या. दे नोबिलीने मनुस्मृती पाहिली आणि त्याला त्यात समाजाची प्रतिष्ठा-चिन्हे दिसली. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी, नाताळच्या दिवशी, महाडला तेच पुस्तक जाळले गेले. ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ मध्ये १९३६ साली त्यांनी कारण मांडले: हिंदू जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, धार्मिक आहेत म्हणून. दोष शास्त्रांच्या पावित्र्यात आहे, म्हणून घाव तिथेच घातला पाहिजे. ‘जात ही केवळ सामाजिक रूढी’ या तीनशे वर्षांच्या युक्तिवादाला इतके नेमके उत्तर दुसरे नाही. मिशनऱ्यांनी भारतात जातीशी कसे जुळवून घेतले आणि वरच्या जातींच्या मागे लागून किती शक्ती घालवली, याची चिकित्साही त्यांनी स्वतंत्रपणे केली आहे.

पण पायाचा प्रश्न त्यांनी सोडवला तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये. तिथे ते म्हणतात की धर्मांमध्ये नीती असते, पण ती धर्माच्या मुळाशी नसते, ती आगगाडीला जोडलेल्या डब्यासारखी असते. गरज पडली की जोडायचा, नको तेव्हा सोडायचा. मदुराईत डबा सोडलेला आपण आत्ताच पाहिला. धम्मात मात्र ईश्वराची जागाच नीतीने घेतलेली आहे. माणसाने माणसावर मैत्रीभाव ठेवण्याची थेट गरज आहे, त्यातून नीती निघते, ईश्वराला खूश करण्यासाठी नाही. ‘का’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे, आणि सभेत विचारले गेले तर हेच सांगावे.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत, आणि मला वाटते त्यांची खरी भेदक नजर इथेच दिसते. नुसती नीती पुरत नाही, असे ते लिहितात. चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते, जातीतही असते. अशी नीती गटापुरती असते आणि बाहेरच्याच्या विरुद्ध उभी राहते. तिच्यात दुबळ्याला संरक्षण नसते. म्हणून नीती सर्वांना एकच लागू असली पाहिजे आणि कोणाच्या सोयीने मोडता येणार नाही इतकी पवित्र मानली गेली पाहिजे. अक्विनासच्या निसर्गनियमातही सर्वव्यापकता होती, पण ती सिद्धान्तात होती. बाबासाहेबांनी विचार सुरू केला तो खंदकात पडलेल्या माणसापासून.

म्हणूनच आपल्या घरातही डोकावावे लागते. बौद्ध वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना कधी उघड असतो, कधी फोनवर हळूच विचारला जातो. कोणी हटकले तर उत्तर तयार असते: लग्न ही घरगुती बाब आहे, चालत आलेली पद्धत आहे, यात धम्माचा काय संबंध? दे नोबिलीने १६१३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

या वर्गीकरणाची सर्वांत मोठी किंमत आजही दलित ख्रिस्ती मोजतो आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच आहेत. चर्चने शतकानुशतके सांगितले की जात सामाजिक आहे, धार्मिक नाही, म्हणून ती आमच्यात चालेल. सरकार सांगते की जात धार्मिक आहे, ती हिंदूंची आहे, म्हणून तुमच्यात ती नाहीच. दोन्हीकडून एकाच माणसाला दाराबाहेर काढले.

‘सूसाई विरुद्ध भारत सरकार’ हा १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी मिळवून वाचावा. अर्जदार मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा, जन्माने आदिद्रविड, धर्माने ख्रिस्ती. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना मोफत टपऱ्या दिल्या, त्याला दिली नाही. त्याने विचारले की धर्म बदलला, पण माझे काम, माझी जागा आणि माझ्याकडे पाहण्याची लोकांची नजर यांत काय बदलले? न्यायालयाने अर्ज फेटाळला. धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेचे हाल होतात हे सिद्ध केले पाहिजे, आणि तसा पुरावा समोर नाही, असे कारण दिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही. २०२२ मध्ये सरकारने हाच प्रश्न तपासायला न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. पंडारस्वामी पाद्री वेगळे करण्यात आले त्याला तेव्हा ३८२ वर्षे झाली होती.